गोदाकाठचा सिंह आणि जब्याचा दगड

हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'त गोदावरीच्या काठची एक गाथा आहे. काठावर दाट झाडी आहे. तिथे एक धार्मिक गृहस्थ नेमाने येतो. टीकाकार सांगतात, फुलं तोडायला. एका बाईला तो तिथे नको आहे, कारण ती झाडी तिने प्रियकराला भेटण्यासाठी हेरून ठेवलेली. 'येऊ नका' असं ती म्हणत नाही. उलट धीर देते: आता खुशाल हिंडा, तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं मेलं, याच झाडीतल्या सिंहाने त्याला मारलं. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाची बातमी ऐकल्यावर त्या वाटेला कशाला फिरकतोय! शब्दांत आमंत्रण आणि अर्थात मनाई. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला तेव्हा ध्वनीचं, म्हणजे सूचित अर्थाचं, उदाहरण म्हणून त्याने ही महाराष्ट्री प्राकृतातली गाथा उचलली. पुढे महिमभट्टाने 'हा ध्वनी कसला, हे तर साधं अनुमान' असा वाद घातला, आणि गोदाकाठचा तो सिंह, जो बहुधा तिथे नव्हताच, पंडितांच्या ग्रंथांतून शतकानुशतकं डरकाळ्या फोडत राहिला.

या एका गाथेपाशी दोन व्यवहार एकदम दिसतात. उच्चारलेल्या गोष्टीच्या पोटात न उच्चारलेली गोष्ट असणं, हा एक. प्रतीक याच घराण्यातलं. दुसरा व्यवहार म्हणजे एका संहितेतली गोष्ट दुसऱ्या संहितेत जाऊन बदलणं. सप्तशतीत ही गाथा म्हणजे एका चतुर बाईचा डाव. 'ध्वन्यालोका'त तीच गाथा पुरावा म्हणून उभी राहते. या दुसऱ्या व्यवहाराला आजच्या मराठी समीक्षेत आंतरसंहितात्मकता असं, जिभेची परीक्षा पाहणारं नाव आहे. नाव नवं असलं तरी प्रश्न नवा नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त उसनवारीवर अध्याय खर्ची घातले आणि कवी व वाणी या दोघांनाही बिनदिक्कत चोरांच्या यादीत बसवलं. आनंदवर्धनाने उसन्या काव्याचे तीन प्रकार केले होते: आरशातल्या प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं, आणि दोन वेगळ्या माणसांत साम्य असावं तसं. पहिले दोन टाळावेत, तिसऱ्याला हरकत नाही, असा त्याचा निवाडा. राजशेखराने चौथा प्रकार जोडला आणि त्याला नाव दिलं परपुरप्रवेश, म्हणजे योग्याने दुसऱ्याच्या देहात शिरावं तसं.

विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य सिद्धान्तांची यादी मोठी आहे, पण तिच्यातून भराभर जाता येतं. ज्युलिया क्रिस्तेवाने १९६६-६७च्या सुमारास पॅरिसमध्ये, बाख्तिनचं लेखन फ्रेंच वाचकांपुढे मांडताना, ही संज्ञा घडवली. प्रत्येक संहिता ही इतर संहितांच्या अवतरणांची गोधडी असते, असा तिचा साधारण रोख. रोलाँ बार्थने लगोलग लेखकाचा मृत्यू जाहीर केला. हॅरॉल्ड ब्लूमने १९७३मध्ये प्रत्येक मोठ्या कवीला पूर्वसूरींच्या धाकात वावरणारा मुलगा ठरवलं. जेरार जनेतने १९८२मध्ये संहिता-संहितांतल्या नात्यांचं असं काटेकोर वर्गीकरण केलं की ते वाचताना तालुक्याच्या भूमिअभिलेख कार्यालयात आल्यासारखं वाटावं. या सगळ्यांच्या आधीचा, १९१९मधला टी. एस. एलियटचा एक विचार मला अजूनही जास्त कामाचा वाटतो: नवी कलाकृती आली की जुन्या कलाकृतींची आपसातली मांडणी बदलते. प्रभाव फक्त मागून पुढे येत नाही, पुढून मागेही जातो.

मात्र या सिद्धान्तांतून एक सवय पसरली ती वाईट. संदर्भ ओळखता आला की वाचन झालं, असं वाटू लागलं. हे अमक्याचं, ते तमक्यावरून, हे प्रतीक त्याचं. ओळख पटण्यात गंमत आहे, पण तिथे थांबणारं वाचन शब्दकोड्याच्या जातीचं. उसनी गोष्ट नव्या घरात जिथे नीट बसत नाही, जिथे ती कापावी, उलटवावी किंवा मोडावी लागते, त्या जागी अर्थ तयार होतो. मराठीत याचं सर्वांत परिचित उदाहरण घ्यायचं तर वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट'.

शेक्सपिअर मराठीत येऊन तोवर जवळजवळ शतक उलटलं होतं. आगरकरांचा 'विकारविलसित' हा 'हॅम्लेट'चा अवतार १८८३मधला, देवलांचा 'झुंझारराव' हा 'ऑथेल्लो' १८९०मधला. स्वतः वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' आणि पुढे 'ऑथेल्लो' केलं होतं. १९७०मध्ये धी गोवा हिंदू असोसिएशनने 'नटसम्राट' रंगमंचावर आणलं तेव्हा 'किंग लिअर'ची सावली कुणाच्याही लक्षात येण्यासारखी होती. म्हाताऱ्याने सगळं मुलांना वाटून टाकलं आणि मुलांनी त्याला बाहेर काढलं. हे साम्य सांगून बहुतेक जण थांबतात. बदल पाहावेत. लिअरला तीन मुली, त्यांतली कॉर्डिलिया खरी. इथल्या म्हाताऱ्या नटाला, गणपतराव बेलवलकरांना, एक मुलगा, एक मुलगी, आणि कॉर्डिलिया नाहीच. रक्ताच्या नात्यातली ती जागा शिरवाडकरांनी रिकामी ठेवली आणि तिथे पदपथावरचा बूटपॉलिशवाला पोर, राजा, आणून बसवला. लिअरच्या शोकांतिकेत कुटुंबावरचा विश्वास शेवटी एका मुलीच्या रूपाने परत मिळतो आणि लगेच हिरावला जातो. बेलवलकरांना तो परत मिळतच नाही. मिळते ती रस्त्यावरची सोबत. सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटांत आईवडिलांची अडचण होऊ लागलेल्या मध्यमवर्गाला हे नाटक का झोंबलं, याचं उत्तर लिअरमध्ये सापडत नाही, लिअरमधून जे वगळलं त्यात सापडतं.

त्याहून बारीक काम वादळाचं आहे. शेक्सपिअरमध्ये वादळ बाहेर आहे. माळावर बेघर राजा त्याला आव्हान देतो. शिरवाडकरांनी वादळ माणसात घातलं. बेलवलकर स्वतःलाच तुफान म्हणवतात आणि त्या तुफानासाठी घर मागतात. निसर्ग राजावर कोसळत होता, तो इथे दारोदार आसरा मागत फिरतो. आणि हॅम्लेटचं ते जगप्रसिद्ध स्वगत? ते मुळात एका मुलाचं, बाप मेलेल्या मुलाचं. शिरवाडकरांनी ते एका बापाच्या तोंडी दिलं. सुरुवात ओळखीची वाटते, पण बोलणारा बदलल्यामुळे तक्रारीचं तोंड फिरतं: आपण जन्माला घातलेल्यांनी आपल्याला विसरावं आणि आपल्याला घडवणाऱ्यानेही विसरावं, अशी दोन्हीकडून कोंडी. डॉ. श्रीराम लागूंपासून ही भूमिका करणाऱ्या प्रत्येक नटापुढे इथे अवघड पेच असतो: हॅम्लेट म्हणणारा बेलवलकर करायचा, की बेलवलकर झालेला हॅम्लेट? शेवटी मरताना हा माणूस आपल्या भूमिकांची नावं स्वतःची म्हणून घेतो. त्यांत सीझर, ऑथेल्लो, हॅम्लेट आहेत आणि त्यांच्याच पंक्तीला गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधला सुधाकरही आहे. घर गेलं, बायको गेली. या माणसाकडे आता दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यंच उरलीत. 'नटसम्राट'मध्ये संदर्भ हा दागिना म्हणून येत नाही, त्या माणसाची ती उरलेली एकमेव इस्टेट आहे.

संदर्भाला नेहमी मूळ असावंच लागतं असंही नाही. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस गातात त्यांतला बीज आणि अंकुराचा अभंग तुकोबांचा नाही. तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला. पण त्याचा घाट, त्याची शब्दकळा, त्याची शांत समजूत इतकी अस्सल की जाणकारांनी तो गाथ्यात शोधला, असं सांगितलं जातं. आजही कीर्तनात तो तुकोबांच्या नावावर ऐकू येतो. आठवल्यांनी एक ओळही उसनी घेतली नाही, आवाज मात्र सगळा उसना घेतला. राजशेखराचा परपुरप्रवेश यापेक्षा चोख कुठे दाखवता येईल असं मला वाटत नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) हेच उलट्या टोकाने घडतं. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारं, प्रेरणा नारायण धारपांच्या भयकथेची, आणि हस्तर नावाच्या लोभी देवाचं पुराण मात्र सर्वस्वी रचलेलं. तरी पाहणाऱ्याला ते आजीने सांगितलेलं वाटतं, कारण त्याचे सांधे जुन्या कथांचे आहेत: शाप, वाडा, कोसळणारा पाऊस, नैवेद्य, ओलांडू नये ती रेघ. खोट्या पुराणाने खरी स्मृती चाळवता येते. काही प्रेक्षक पोथ्यांत हस्तर धुंडाळत राहिले, यात हसण्यासारखं काही नाही. गाथ्यात अभंग शोधणारेही तेच करत होते.

उसनवारी गोष्टीची, वाक्याची असते तशी घाटाचीही असते, आणि मराठी रंगभूमीने या बाबतीत जे केलंय त्याची दखल समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) भाऊराव मरतात आणि स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात. कीर्तन म्हटलं की आपण सावरून बसतो: आता निरूपण होईल, आख्यान लागेल, शेवटी संसाराची नश्वरता पटेल. आळेकर हा सगळा साज जसाच्या तसा ठेवतात. फक्त कीर्तनकार प्रेत आहे आणि त्याला मुक्तीपेक्षा आपलं दहन जुन्याच स्मशानात व्हावं याची चिंता जास्त. चाळीतली माणसं, रडारड, वर्गणीची भाषा हे सारं नश्वरतेच्या चालीवर गायलं जातं आणि कीर्तनाने आजवर जे सांत्वन दिलं त्यातली हवा निघून जाते. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) ब्राह्मणांची ती माणसांची भिंत झुलते, गाते, उघडते आणि मिटते. लोककलेचा साधासरळ पडदा, पण इथे तो काय झाकतोय हे कळलं की त्या झुलण्याची भीती वाटते. घाट कधीच निरागस नसतो. तो येतानाच शंभर वर्षांचे प्रेक्षक सोबत घेऊन येतो.

महाभारताचं घेऊ, कारण ते घेतल्याशिवाय मराठीतला हा आढावा पुराच होत नाही, पण थोडक्यात. १९६७मध्ये शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचा 'युगान्त'ही. एकीकडे कर्ण हा अन्याय सोसणारा तेजस्वी नायक, दुसरीकडे तोच कर्ण तर्काच्या टेबलावर, त्याच्या दानशूरपणासकट. मराठी घरांत सावंतांचा कर्ण जिंकला, हे उघड आहे. माझं मत कर्व्यांच्या पारड्यात. त्याच काळात दलित लेखनाने या भांडणाकडे पाठ फिरवून महाकाव्यांतली वेगळीच माणसं बाहेर काढली: एकलव्य, शंबूक. जो अंगठा शतकानुशतकं गुरुभक्तीचं प्रतीक म्हणून शिकवला गेला तो कापून घेतलेल्या हक्काचं प्रतीक झाला. अंगठा तोच, कथाही तीच, एका घटनेतही फेरबदल नाही. सूर्याचंही तसंच. गायत्री मंत्रातला आणि नमस्कारातला सूर्य दलित कवितेत बाबासाहेबांकडे वळला. प्रतीकाचा अर्थ ते कोण वापरतंय यावर ठरतो हे सिद्धान्ताच्या पुस्तकात एका वाक्यात येतं. मराठीत ते साठोत्तरी नियतकालिकांच्या पानांवर भांडून ठरलं.

खुद्द प्रतीकांबद्दल माझी एक आवड आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जी. ए. कुलकर्ण्यांच्या 'रमलखुणा'सारख्या पुस्तकात आपण पहिल्याच पानापासून प्रतीकांच्या मुलखात असतो: निनावी प्रवासी, अनोळखी नगरं, सांकेतिक भविष्य. ती गद्याची श्रीमंती वादातीत आहे. तरी मला त्यांची 'स्वामी' ही कथा जास्त पकडते. तिथे कोंडलेल्या माणसाभोवती मठाचं भुयार आहे, हवेचा झरोका आहे आणि त्या झरोक्याकडे वाढत जाणारी एक वेल आहे. ती वेल आधी खरोखरची वेल आहे. तिला माती लागते, उजेड लागतो. तिच्यात जिवाची ओढ दिसते ती नंतर. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'मधल्या राणीमाशीचंही असंच. ती नाग्याच्या डोळ्याला डसते, आणि पुढे लिंगोबाच्या डोंगरावरचं आग्यामोहोळ हे त्याचं वेड होतं. मेलव्हिलच्या अहाबला तो देवमासा होता तसं. पण जब्बार पटेलांच्या चित्रपटातही (१९७७) ते मोहोळ शेवटपर्यंत मध, धूर आणि डंख असलेलं मोहोळच राहतं. ज्या प्रतीकाला वस्तू म्हणून जगता येत नाही ते परीक्षेच्या गाइडात बरोबरच्या चिन्हापलीकडे उभं राहण्यापुरतं उरतं.

चित्रपटात ही अडचण वेगळ्या रीतीने येते. लेखक 'वेल' असा शब्द लिहितो तेव्हाच ती वस्तू निवडली गेलेली असते. न लिहिलेल्या वस्तू अस्तित्वातच नसतात. कॅमेऱ्यासमोर मात्र सगळंच असतं: खुर्ची, कॅलेंडर, दोरीवरचा टॉवेल, मागून जाणारी एसटी. त्यांतलं काय प्रतीक आणि काय नुसतं सामान हे ठरतं ते चौकटीत त्याला किती वेळ दिला, कुठल्या आवाजासोबत दाखवलं, पुन्हा कधी दाखवलं यावर. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'मधली (१९४१) बर्फावरची घसरगाडी शेवटी भट्टीत जाताना इतकी ठळक दाखवली जाते की तिच्यात उलगडा आहे असं सगळ्यांनी मानलं. मला तो चित्रपटातला सर्वांत कमी रहस्यमय क्षण वाटतो.

ऋत्विक घटकांचं काम याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, आणि साठच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवल्यामुळे ते आपल्याकडच्या एका पिढीच्या अंगातही भिनलं. 'सुवर्णरेखा'मध्ये फाळणीने उखडलेली लहानगी सीता महायुद्धातल्या एका ओसाड धावपट्टीवर एकटी खेळत असते. समोरून अचानक काली येते: जीभ बाहेर, हात उगारलेले. मुलगी किंचाळते. तो बहुरूपी असतो, पोटासाठी हिंडणारा. त्याला तिला घाबरवायचंही नव्हतं, ती वाटेत आली इतकंच. पाहा किती थर आहेत: मोडक्या विमानांची जागा, देवीचा अवतार, आणि त्या अवतारामागे एक गरीब माणूस. पुराण इथे कुणालाही वाचवायला येत नाही. ते चुकून आडवं येतं. पात्रांची नावं सीता, अभिराम, ईश्वर, आणि अभिरामच्या हरवलेल्या खालच्या जातीच्या आईचं नाव कौसल्या. रामायणाची इतकी पेरणी पाहून वाटतं, आता कथा त्याच वाटेने जाईल. पण या सीतेला वनवासातून परत आणणारं कुणी नाही. कलकत्त्याच्या बारमध्ये दारू पीत बसलेल्या ईश्वरच्या मागे फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'मधली धून वाजते, रोमच्या उच्चभ्रू ऐयाशीची धून, आणि तिथून तो नशेत ज्या बाईच्या खोलीत ग्राहक म्हणून पोचतो ती त्याची बहीण सीताच असते. ती विळीवर जीव देते. इटालियन चित्रपटातली धून आणि वाल्मीकीची नावं एका चित्रपटात कशी नांदतात, असा आक्षेप तेव्हाही होता. मला वाटतं ती नांदत नाहीतच. एकमेकांवर घासतात, आणि घटकांना तो घासल्याचा आवाजच हवा होता.

विशाल भारद्वाजांचे शेक्सपिअर त्यामानाने नीटस. तरी 'मकबूल'मधला (२००३) एक बदल विसरता येत नाही. 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणी मानवी जगाच्या बाहेरच्या. इथे त्यांच्या जागी पंडित आणि पुरोहित हे कुंडल्या मांडणारे दोन पोलीस आहेत. भविष्य सांगणारे आणि ते घडवून आणणारे एकच झाले की नियती हा शब्द मुंबईत कसा वापरला जातो ते कळतं. जंगल चालून येण्याच्या भाकिताऐवजी दर्या घरात येण्याचं भाकीत येतं, आणि चोरट्या मालाच्या शहरात त्याचा अर्थ शब्दशः लागतो.

आता 'फँड्री' (२०१३). नागराज मंजुळेंच्या या चित्रपटात प्रतीकं शोधायला कुणाला कष्ट पडत नाहीत. काळी चिमणी आहे. तिची राख आपल्याला आवडणाऱ्या शालू या मुलीवर टाकली की ती वश होईल अशी चित्रपटाच्या पोरसवदा नायकाची, जब्याची, समजूत. डुक्कर आहे. शाळेच्या वर्गात चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो, आणि त्याच शाळेच्या कुंपणापलीकडे जब्याचं कुटुंब डुक्कर धरायला धावतं. पाठलाग ऐन भरात असताना राष्ट्रगीत सुरू होतं; सगळे जागच्या जागी थांबतात. पुढे डुक्कर काठीला बांधून नेताना ते कुटुंब भिंतीवर रंगवलेल्या बाबासाहेब आंबेडकर आणि इतर समाजसुधारकांच्या चित्रांसमोरून जातं. या चौकटीवर कितीतरी लिहिलं गेलंय, आणि बहुतेक ठिकाणी 'विरोधाभास' हा एकच शब्द येतो. तो शब्द मला अपुरा वाटतो. ती भिंत दिग्दर्शकाने उभारलेलं प्रतीक म्हणून येत नाही. महाराष्ट्रातल्या हजारो शाळांना अशा भिंती आहेत आणि आपण त्यांच्यावरून रोज नजर फिरवून पुढे जातो. मंजुळेंनी केलं एवढंच की आपली सवयीने सरकणारी नजर डुकराच्या ओझ्याच्या वेगाला आणून ठेवली. ओझं जड आहे, पावलं सावकाश पडतात, म्हणून भिंत वाचावी लागते.

आणि तो शेवटचा दगड. गावातल्या टोळक्याच्या चिडवण्याला कंटाळलेला जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. ज्यांनी श्याम बेनेगलांचा 'अंकुर' (१९७४) पाहिलाय त्यांना दुसरा एक दगड आठवल्याशिवाय राहत नाही: जमीनदाराने मुक्या-बहिऱ्या किष्टय्याला चाबकाने फोडून काढल्यावर एक लहान मुलगा त्याच्या खिडकीवर दगड मारतो आणि पडदा लाल होतो. दोन मुलगे, दोन दगड, मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं. मंजुळेंच्या मनात 'अंकुर' होता की नव्हता याने फारसं बिघडत नाही. दोन्ही पाहिलेल्या प्रेक्षकाच्या मनात ते शेजारी बसतातच. मग फरक दिसू लागतात. 'अंकुर'मधला मुलगा साक्षीदार आहे. मार दुसऱ्याने खाल्लाय. काच जमीनदाराची. आपण, म्हणजे शहरातल्या थिएटरात बसलेले, त्या मुलाच्या बाजूला उभे असतो आणि लाल पडद्याने आपल्याला क्रांतीचं बी रुजल्याचं समाधान मिळतं. 'फँड्री'त दगड मारणारा तोच ज्याचा अपमान झालाय. आणि काच उरलेलीच नाही. जमीनदाराच्या जागी आपण आहोत. डुकराच्या पाठलागाला गाव बसून हसत होतं तेव्हा थिएटरातही हशा पिकला होता, हे त्या क्षणी आठवतं. बेनेगलांच्या पिढीचा उदारमतवादी प्रेक्षक 'अंकुर'मधून दोषमुक्त होऊन बाहेर पडला. त्याची ती सुटका 'फँड्री'ने मागाहून रद्द केली. एलियट म्हणत होता ते हेच असावं. 'फँड्री'नंतर 'अंकुर'चा शेवट पूर्वीसारखा पाहता येत नाही, त्यातला आशावाद थोडा स्वस्त वाटू लागतो.

मग ज्याने 'अंकुर' पाहिलाच नाही त्याचं काय? ज्याला चोखोबा माहीत नाही, भिंतीवरची माणसं ओळखता येत नाहीत, त्याचं काय? हा प्रश्न आंतरसंहितात्मकतेच्या कौतुकात नेहमी राहून जातो. सामायिक स्मृती गृहीत धरली जाते, पण महाराष्ट्रात ती कधी सामायिक होती? कुणाच्या घरात ज्ञानेश्वरीचं पारायण, कुणाच्या घरात जलसे आणि भीमगीतं, कुणाच्या घरात दोन्ही नाही, फक्त टीव्हीवरची रामानंद सागरांची मालिका. एकच डुक्कर एका प्रेक्षकाला प्रतीक वाटतं, दुसऱ्याला रोजचं काम आठवतं. सहृदय हा संस्कृत काव्यशास्त्राने कल्पिलेला आदर्श रसिक आधीपासूनच एका विशिष्ट घरातला होता. संदर्भांनी लगडलेल्या लेखनावर दुर्बोधतेचा आरोप होतो तेव्हा निम्म्या वेळा ती तक्रार आळसाची असते, निम्म्या वेळा रास्त.

अरुण कोलटकरांनी 'भिजकी वही'त यातून वाट काढली, असं मला वाटतं. इसिस, कॅसँड्रा, हायपेशिया अशा देशोदेशीच्या, काळाकाळातल्या रडणाऱ्या बायका त्या पुस्तकात येतात. मराठी वाचकाला त्यांतल्या निम्म्याही माहीत नसतात, हे कोलटकरांना पक्कं ठाऊक. म्हणून ते संदर्भ देऊन पुढे जात नाहीत. बसून ती गोष्ट सांगतात, चावडीवर सांगावी तशा मराठीत, तपशिलांसकट. ज्याला हायपेशिया माहीत आहे त्याला फरक दिसतो, ज्याला नाही त्याला हायपेशियाच मिळते. याच्या उलट टोकाला हल्लीचे मालिकेवजा सुपरहिरो चित्रपट आहेत, ज्यांत आधीच्या चित्रपटातली एखादी वस्तू कोपऱ्यात दिसली की थिएटरात टाळ्या पडतात. तिथे ओळख पटते, आणि ओळख पटण्यापलीकडे काहीच घडत नाही. त्या वस्तूला नव्या जागी काही सोसावं लागत नाही.

वाचनाचा क्रमही आता कुणाच्या हाती राहिलेला नाही. 'हैदर' आधी आणि 'हॅम्लेट' नंतर, 'मकबूल' आधी आणि कुरोसावाचा 'थ्रोन ऑफ ब्लड' कधीतरी मोबाइलवर, 'युगान्त' वाचण्याआधी महाभारताचे दोन मिनिटांचे तुकडे. मराठी मुलांना बेलवलकरांचं स्वगत शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ झालेलं असतं. ते मुळात एका डॅनिश राजपुत्राचं आहे हे कळतं, कळलंच तर, कॉलेजात. हे दुर्दैव मानायचं कारण दिसत नाही. आधी 'नटसम्राट' पाहिलेला मुलगा मागाहून 'किंग लिअर' हातात घेतो तेव्हा तो शेक्सपिअरला असे प्रश्न विचारतो जे कुठल्याही इंग्रज वाचकाला सुचणार नाहीत. इतक्या लोकांत या म्हाताऱ्याची बायको कुठे आहे, हा त्यांतला पहिला. बेलवलकरांना कावेरी आहे, तिच्याशी ते बोलतात, भांडतात, तिच्या मरणाने खचतात. लिअरची राणी नाटकात दिसतच नाही.